प्रोटॉनवाहक सिरॅमिक इंधन-घट: इलेक्ट्रोलाइट आणि इलेक्ट्रोडचे पदार्थ कसे निवडावेत?

वैदेही_कोल्हापूर (धागाकर्ती)

नमस्कार. मी पदार्थविज्ञानात पीएचडी करत आहे. आमच्या गटाने प्रोटॉनवाहक सिरॅमिक इंधन-घटाचा (सिरॅमिकच्या थरातून प्रोटॉन नेऊन इंधनापासून थेट वीज तयार करणाऱ्या साधनाचा) लहान, बटणाएवढा नमुना तयार करण्याचे काम हाती घेतले आहे. आमच्या भागात साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून आणि डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस तयार होतो. पुढे कधीतरी हा घट त्या बायोगॅसवर चालावा, असा आमचा हेतू आहे. तापमान ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे आहे.

पदार्थ निवडताना गोंधळ होतो आहे. प्रत्येक शोधनिबंधात वाहकतेचा एक तक्ता असतो आणि प्रत्येक तक्त्यात लेखकांचा स्वतःचा पदार्थ सर्वांत वर असतो. इलेक्ट्रोलाइटसाठी, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमधल्या प्रोटॉन वाहून नेणाऱ्या थरासाठी, आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला २० टक्के यिट्रियम घातलेला बेरियम झिर्कोनेट (बेरियम आणि झिर्कोनियमचे ऑक्साइड). दुसरा बेरियम सेरेटकडे (बेरियम आणि सेरियमच्या ऑक्साइडकडे) झुकणारा मिश्र पदार्थ, ज्यात झिर्कोनियम १०, सेरियम ७०, यिट्रियम १० आणि यिटर्बियम १० टक्के असते. तिसरा म्हणजे झिर्कोनियम आणि सेरियम प्रत्येकी ४० टक्के असलेला त्याच कुळातला पदार्थ. आमची भट्टी सलग कामासाठी १४५० अंशांपर्यंतच नेता येते. या परिस्थितीत निवड कशी करावी आणि हवेच्या बाजूला कोणता इलेक्ट्रोड घ्यावा, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तरध्रुव

वैदेहीताई, धागा अत्यंत महत्त्वाच्या विषयावर काढला आहे. मी नॉर्वेत याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

निवडीची सुरुवात वाहकतेच्या तक्त्यापासून करू नका, घटाच्या दोन्ही बाजूंना कोणते वायू असणार आहेत तेथून करा. आपण नेहमी ऐकतो त्या ऑक्साइड-आयनवाहक घटात पाणी इंधनाच्या बाजूला तयार होते. प्रोटॉनवाहक घटात हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपाने इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडे जातो आणि पाणी हवेच्या बाजूला तयार होते. इंधन पाण्याने पातळ होत नाही, हा या रचनेचा मोठा फायदा म्हणून सांगितला जातो आणि शुद्ध हायड्रोजन वापरला तर तो खराच आहे. बायोगॅसच्या बाबतीत मात्र याची दुसरी बाजूही आहे. बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो. रिफॉर्मिंगमधून (वाफेच्या मदतीने मिथेनपासून हायड्रोजन काढण्याच्या क्रियेतून) निघालेला हायड्रोजन पलीकडे खेचला जात असताना इंधनाच्या बाजूला पाण्याची भर पडत नाही. त्यामुळे इंधन जसजसे बाहेरच्या टोकाकडे सरकते, तसतसे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे घटाच्या आत शिरताना जो वायू असतो, त्यापेक्षा बाहेर पडणारा वायू बेरियमयुक्त पदार्थाला अधिक घातक असतो. तुमच्या पदार्थाची परीक्षा तेथे होणार आहे. आणखी एक गोष्ट अशी की, रिफॉर्मिंगसाठी लागणारी वाफ घटात आपोआप मिळत नसल्यामुळे ती इंधनासोबत बाहेरून द्यावी लागते.

आता पदार्थांकडे वळू. १९८१ मध्ये जपानमध्ये इवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम सेरेटमध्ये उच्च तापमानाला प्रोटॉनचे वहन होते, हे दाखवले आणि तेथून हे क्षेत्र उभे राहिले. पुढे बेरियम सेरेट अधिक चांगला वाहक ठरला. या पेरोव्हस्काइटमध्ये (विशिष्ट स्फटिकरचनेच्या ऑक्साइडमध्ये) चार-संयुजी सेरियम किंवा झिर्कोनियमच्या काही जागी तीन-संयुजी यिट्रियम बसवले की ऑक्सिजनच्या रिक्त जागा तयार होतात. वाफेचा रेणू अशा रिक्त जागेत शिरतो, शेजारच्या ऑक्सिजनला एक प्रोटॉन देतो आणि दोन हायड्रॉक्सिल गट तयार होतात. हे प्रोटॉन नंतर ऑक्सिजनभोवती फिरत आणि एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उडी घेत पुढे सरकतात. या हालचालीसाठी सुमारे ०.४ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकीच सक्रियण ऊर्जा लागते, म्हणून ५०० अंशांनाही वहन टिकून राहते.

बेरियम सेरेटची अडचण अशी की, ज्या क्षारधर्मी गुणामुळे तो पाणी सहज आत घेतो, त्याच गुणामुळे तो कार्बन डायऑक्साइडलाही सहज बळी पडतो. बेरियम कार्बोनेट आणि सेरियम ऑक्साइड असे त्याचे विघटन होते. पाण्यातही तो टिकत नाही. यूटा विद्यापीठातील भिडे आणि विरकर यांनी १९९९ मध्ये हे नीट तपासून मांडले आहे. त्याच वर्षी रियू आणि हेली यांनी सेरेट आणि झिर्कोनेट यांच्या मिश्रणांचा अभ्यास करून दाखवले की, झिर्कोनियमचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास गेले की कार्बन डायऑक्साइडला होणारा विरोध स्पष्टपणे वाढतो. म्हणून १०-७० प्रमाणाचा पदार्थ हायड्रोजनवर कितीही उत्तम चालत असला, तरी तुमच्या वायूसाठी मी तो घेणार नाही.

उरले दोन पर्याय आणि त्यांच्यातली निवड तुमची भट्टीच करते. शुद्ध यिट्रियमयुक्त बेरियम झिर्कोनेट रासायनिकदृष्ट्या सर्वांत टिकाऊ आहे आणि त्याच्या स्फटिकाच्या अंतर्भागातली वाहकताही उत्तम आहे. परंतु तो दाट, म्हणजे छिद्रे न उरता, भाजण्यासाठी पारंपरिक पद्धतीने १७०० अंशांच्या आसपास तापमान आणि बरेच तास लागतात. एवढ्या उष्णतेत बेरियम उडून जाऊ लागते. बेरियम कमी पडले की काही यिट्रियम बेरियमच्या जागी जाऊन बसते, रिक्त जागा घटतात आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला तो गुणच कमी होतो. शिवाय स्फटिककण फारसे वाढत नसल्याने कणसीमा असंख्य राहतात. त्या सीमांवर धनभार साचलेला असल्यामुळे प्रोटॉनला त्या ओलांडणे जड जाते.

माझे मत स्पष्ट आहे: ४०-४० प्रमाणाचा पदार्थ घ्या.

मृत्तिका

उत्तरध्रुव यांचा प्रतिसाद वाचनीय आहे. मी सिरॅमिक उद्योगात भट्ट्यांवरच आयुष्य घालवले, त्यामुळे भाजणीच्या अंगाने थोडी भर घालतो. एका मुद्द्यावर माझा मतभेदही आहे.

बेरियम झिर्कोनेट १७०० अंशांशिवाय भाजता येत नाही, ही स्थिती आता राहिलेली नाही. २००५ मध्ये बाबिलो आणि हेली यांनी थोडे झिंक ऑक्साइड घालून तो १३०० अंशांना दाट करून दाखवला. निकेल ऑक्साइडचा उपयोगही तसाच होतो. बेरियम कार्बोनेट, झिर्कोनिया व यिट्रिया (झिर्कोनियम व यिट्रियमची ऑक्साइडे) आणि साधारण एक टक्का निकेल ऑक्साइड एकत्र दळून, आधी वेगळे कॅल्सिनेशन (पुडीची प्राथमिक भाजणी) न करता थेट एकाच भाजणीत पदार्थ तयार करणे आणि दाट करणे, ही पद्धत आता रुळली आहे. या भाजणीत बेरियम, यिट्रियम आणि निकेल यांचे एक मधले संयुग तयार होते. ते तुलनेने कमी तापमानाला वितळून कणांना एकमेकांकडे ओढते. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या ओ'हेअर यांच्या गटाने २०१५ मध्ये याच मार्गाने संपूर्ण घट तयार केले. त्यांना ५०० अंशांना हायड्रोजनवर प्रति चौरस सेंटिमीटर ४५५ मिलिवॉट आणि मिथेनवर १४२ मिलिवॉट शक्ती मिळाली. तेव्हा भट्टी १४५० अंशांची आहे एवढ्यावरून झिर्कोनेट बाद ठरवू नये.

आता प्रत्यक्ष कामातल्या काही बाबी. बेरियमचा पदार्थ अॅल्युमिनाच्या मुशीत थेट ठेवू नका, तो मुशीशी अभिक्रिया करतो आणि पेलेटची (पूड दाबून केलेल्या चकतीची) खालची बाजू बिघडते. झिर्कोनिया किंवा मॅग्नेशियाची पट्टी घ्या, तिच्यावर पेलेटच्याच पदार्थाची पूड पसरा, पेलेट तिच्यात पुरा आणि वरूनही पूड टाका. त्या पुडीत थोडे जास्तीचे बेरियम कार्बोनेट मिसळले तर पेलेटमधले बेरियम कमी उडते. प्रत्यक्ष पेलेटच्या मिश्रणात मात्र बेरियम फार जास्त घालू नये, कारण उरलेले बेरियम कणसीमांवर बसते, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन फुगते आणि दिसायला उत्तम असलेली पेलेट कपाटात ठेवल्या ठेवल्या भेगाळते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सेरियम जास्त असलेल्या पेलेट उघड्यावर ठेवूच नका, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

वजन करतानाही सावध राहावे. यिट्रिया वापरण्यापूर्वी ९०० अंशांच्या वर तापवून गरम असतानाच डेसिकेटरमध्ये घ्यावा. बाजारातल्या झिर्कोनियात साधारणतः एक-दोन टक्के हाफ्निया (हाफ्नियमचे ऑक्साइड) असतो, तो हिशेबात धरावा. बॉल मिलमधले झिर्कोनियाचे गोळे झिजतात आणि ती झीज थेट तुमच्या पदार्थात जाते. दळणाच्या आधी आणि नंतर गोळे धुऊन, वाळवून तोलले की नेमके किती झिर्कोनिया आत गेले ते कळते. हे तपासणारे लोक थोडे आहेत. बेरियम कशामुळे कमी पडले याचा शोध भट्टीत घेतला जातो आणि खरे कारण अनेकदा मिलमध्ये असते.

अणुरेणू

मृत्तिका सर, भाजणीविषयीची माहिती अमूल्य आहे. निकेलबद्दल मात्र दुसरी बाजू नोंदवणे आवश्यक वाटते. क्योटो विद्यापीठातील गटाने दाखवले आहे की निकेल, तांबे आणि झिंक यांची भर घातल्याने यिट्रियमयुक्त बेरियम झिर्कोनेट कमी पाणी आत घेतो आणि त्याची प्रोटॉनवाहकताही घटते. निकेल भाजणी सोपी करते आणि त्याची किंमत वाहकतेतून वसूल करते.

उत्तरध्रुव

अणुरेणू यांच्याशी सहमत आहे, पण वैदेहीताईंच्या रचनेत हा प्रश्न थोडा वेगळा होतो. त्यांचा घट इंधनाकडील इलेक्ट्रोडच्या आधारावर उभा राहणार आहे. त्या आधारात वजनाने साधारण ६० टक्के निकेल ऑक्साइड असते आणि आधार व इलेक्ट्रोलाइटचा पातळ थर एकत्रच भाजले जातात. १४०० अंशांच्या पुढे त्या आधारातून निकेल इलेक्ट्रोलाइटमध्ये शिरतेच, तुम्ही वेगळे घाला किंवा न घाला. म्हणून ‘निकेल वापरावे का’ यापेक्षा ‘सहभाजणीचे तापमान किती खाली आणता येईल’ या प्रश्नाला मी अधिक महत्त्व देतो. झिर्कोनियम जितके जास्त, तितके ते तापमान वर जाते. ४०-४० प्रमाणाच्या बाजूने हे माझे दुसरे कारण.

सरांच्या मतभेदाबद्दल इतकेच म्हणतो की, झिर्कोनेट अनुभवी हातांत उत्तम जमतो. पहिल्यांदा घट करणाऱ्या गटाने मात्र ज्या पदार्थाचा वायुरोधक थर खात्रीने जमेल तो घ्यावा, कारण गळणाऱ्या थरावर घेतलेल्या कोणत्याही मोजमापाला अर्थ नसतो.

प्रसन्न_वाय

अवांतर वाटल्यास क्षमस्व, पण बेरियमच नसलेला एखादा प्रोटॉनवाहक घेतला तर कार्बोनेटचा प्रश्नच मिटणार नाही का?

अणुरेणू

अवांतर मुळीच नाही. असा पदार्थ आहे. २००६ मध्ये ओस्लो विद्यापीठातील हाउग्सरुड आणि नॉर्बी यांनी कॅल्शियमयुक्त लॅन्थेनम नायोबेट मांडला. कार्बन डायऑक्साइडला तो उत्तम तोंड देतो. पण ९०० अंशांच्या आसपासही त्याची वाहकता सुमारे ०.००१ सीमेन्स प्रति सेंटिमीटर एवढीच आहे.

याचा अर्थ हिशेबाने पाहू. इलेक्ट्रोलाइटच्या थराचा रोध प्रति चौरस सेंटिमीटर क्षेत्रासाठी ०.१५ ओहमच्या आत असावा, असा संकेत मानला जातो. थराची जाडी १५ मायक्रॉन आणि वाहकता ०.०१ असेल तर रोध बरोबर ०.१५ येतो. वाहकता दहापट कमी झाली तर रोध १.५ वर जातो किंवा थर दीड मायक्रॉनचा करावा लागतो. इतका पातळ आणि तरीही छिद्ररहित थर सच्छिद्र आधारावर भाजून घेणे प्रयोगशाळेत फार कठीण आहे. ६०० अंशांना तर नायोबेटची वाहकता आणखी खाली जाते.

स्कँडियम भरपूर प्रमाणात घातलेल्या बेरियमच्या संयुगांवर जपानमध्ये अलीकडे लक्षवेधी काम झाले असून ३०० अंशांच्या आसपासची वाहकता त्यात खूपच वर गेली आहे. परंतु स्कँडियम महाग आणि दुर्मीळ आहे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये ज्या दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, त्यांत स्कँडियम आणि यिट्रियम हे दोन्ही आहेत. आपल्याकडे बेरियमसाठी आंध्र प्रदेशातील मंगमपेटचे बराइट आहे, झिर्कोनियम आणि सेरियमसाठी केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरची वाळू आहे. अडते ते यिट्रियमवर. त्यामुळे यिट्रियम १० टक्के असलेला पदार्थ २० टक्केवाल्यापेक्षा आणखी एका दृष्टीने बरा, असे मला वाटते. अर्थात यिटर्बियमही स्वस्त नाही, हे मान्य करायला हवे.

वैदेही_कोल्हापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ४०-४० प्रमाणाचा पदार्थ घ्यायचा, असे आम्ही ठरवत आहोत. हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडबद्दल कृपया लिहावे. आमच्याकडे लॅन्थेनम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-फेराइटची पूड तयार आहे. तीच वापरता येईल का?

उत्तरध्रुव

वापरता येईल, पण तिच्यातून घटाची खरी क्षमता दिसणार नाही. तिच्यात ऑक्सिजन-आयन आणि इलेक्ट्रॉन यांचे वहन चांगले होते, प्रोटॉनचे फारसे होत नाही. त्यामुळे पाणी तयार होण्याची क्रिया इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट जेथे एकमेकांना चिकटलेले असतात त्या रेषेपुरतीच मर्यादित राहते. प्रोटॉन, ऑक्सिजन-आयन आणि इलेक्ट्रॉन या तिन्हींचे वहन करणारा पदार्थ घेतला तर इलेक्ट्रोडचा सगळा पृष्ठभाग कामाला लागतो. कोलोरॅडोच्या गटाने वापरलेला बेरियम-कोबाल्ट-लोह-झिर्कोनियम-यिट्रियमचा पेरोव्हस्काइट त्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्यात कोबाल्ट ४०, लोह ४०, झिर्कोनियम १० आणि यिट्रियम १० टक्के असते. दुसरा पर्याय प्रॅसिओडिमियम-बेरियम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-लोह यांच्या थररचनेचा. सोसिना हेली यांच्या गटाने २०१८ मध्ये तो नेमक्या ४०-४० इलेक्ट्रोलाइटवर वापरला आणि ५०० अंशांना प्रति चौरस सेंटिमीटर ५०० मिलिवॉटहून अधिक शक्ती मिळवली. त्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र शक्तीचा आकडा नाही. त्यांनी इलेक्ट्रोलाइटवर आधी त्याच इलेक्ट्रोड पदार्थाचा अतिशय पातळ, दाट थर बसवला आणि मग सच्छिद्र इलेक्ट्रोड लावला. दोन पदार्थ उत्तम असूनही त्यांच्यातला सांधा वाईट असू शकतो, हे त्यातून ठळकपणे दिसले. आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीच्या गटाने २०२२ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. उच्च तापमानाला भाजलेल्या इलेक्ट्रोलाइटचा पृष्ठभाग निष्क्रिय होतो. त्यांनी तो नायट्रिक आम्लाने खरवडून पुन्हा सक्रिय केला आणि इलेक्ट्रोड अधिक घट्ट बसवला. त्या मार्गाला महाग उपकरण लागत नाही, म्हणून तुमच्यासाठी तो विचार करण्याजोगा आहे.

मृत्तिका

प्रसरणाकडे दुर्लक्ष होऊ नये. इलेक्ट्रोलाइटचा प्रसरणांक प्रति अंश सुमारे दहा दशलक्षांश असतो आणि कोबाल्ट भरपूर असलेल्या इलेक्ट्रोडचा वीस किंवा त्याहून अधिक. ६०० अंशांच्या फरकात दोघांच्या लांबीत सुमारे ०.६ टक्क्यांची तफावत पडते. सिरॅमिकच्या दृष्टीने ही फार मोठी तफावत आहे आणि ती थर सोलून काढण्यास पुरेशी ठरते. उपाय म्हणून इलेक्ट्रोडमध्ये ३० ते ४० टक्के इलेक्ट्रोलाइटचीच पूड मिसळतात आणि थर पातळ व सच्छिद्र ठेवतात. थंड झालेल्या घटावर साधी चिकटपट्टी लावून अलगद ओढून पाहावी. पट्टीवर काळी पूड आली तर तो घट पुढे मोजण्यात वेळ घालवू नये.

अणुरेणू

पुढच्या टप्प्यासाठी एक सूचना. घट स्टीलच्या होल्डरमध्ये बसवणार असाल तर क्रोमियमची काळजी आताच घ्या. वाफेच्या सान्निध्यात स्टीलमधील क्रोमियम ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या रूपात अधिक वेगाने वायुरूप होते आणि या घटांत वाफ नेमकी हवेच्या बाजूलाच तयार होते. बेरियमयुक्त इलेक्ट्रोडशी त्याची गाठ पडली की बेरियम क्रोमेट तयार होते. पहिल्या चाचण्या अॅल्युमिनाच्या नळीवर, सोन्याच्या किंवा चांदीच्या तारांनी घ्या. स्टील वापरायची वेळ आली की त्यावर मँगेनीज-कोबाल्ट स्पिनेलचा (या दोन धातूंच्या ऑक्साइडचा) लेप द्यावा.

सुगंधा_एस

प्रयोगशाळेतील सुरक्षिततेविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. बेरियम सल्फेट रुग्णांना क्ष-किरण तपासणीपूर्वी पाजतात, त्यामुळे बेरियमची सगळीच संयुगे निरुपद्रवी असावीत असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. बेरियम कार्बोनेट जठरातल्या आम्लात विरघळते आणि अत्यंत विषारी आहे. उंदीर मारण्यासाठी ते वापरले जात असे. निकेल ऑक्साइडची धूळ श्वासावाटे गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. दोन्ही पुडी फ्युम हूडमध्येच तोलाव्यात, हातमोजे आणि योग्य मास्क वापरावा आणि बेरियमचे धुवण बेसिनमध्ये न सोडता सोडियम सल्फेट घालून त्याचा साका करून मगच विल्हेवाट लावावी. हे नियम भट्टीजवळ मराठीत लिहून लावावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वैदेही_कोल्हापूर

सुगंधाताई, उद्याच फलक लावते. शेवटचा प्रश्न: पदार्थ कार्बन डायऑक्साइडला खरोखर टिकतो की नाही, हे घट तयार करण्याआधी कसे तपासावे?

उत्तरध्रुव

पूड आणि दाट पेलेट, दोन्ही तपासा. पुडीचे पृष्ठफळ मोठे असल्याने ती लवकर बिघडते आणि पेलेट प्रत्यक्ष वापराच्या जवळची असते. ६०० अंशांना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांच्या मिश्रणात किमान १०० तास ठेवून आधीचा आणि नंतरचा एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) घ्या. त्या आलेखात सेरियम ऑक्साइडची मुख्य रेषा २८.५ अंशांच्या कोनाजवळ येते आणि तुमच्या पदार्थाची मुख्य रेषा तिच्या अगदी शेजारी असते, त्यामुळे थोडे विघटन झाले असेल तर ते तेथे लपून जाते. २४ अंशांच्या जवळ बेरियम कार्बोनेटची रेषा येते, तिच्याकडे पाहा. तेथे काही दिसले नाही तरी अवरक्त वर्णपटात प्रति सेंटिमीटर १४३० च्या आसपास कार्बोनेटचा पट्टा उमटला आहे का, ते पाहावे, कारण अगदी पातळ थर एक्सआरडीला दिसत नाही.

यानंतर घट झाला की सर्वांत आधी उघड-मंडल व्होल्टता (घटातून विद्युतप्रवाह न घेता मिळणारी व्होल्टता) मोजा. ६०० अंशांना ओलसर हायड्रोजन आणि हवा यांच्यात सैद्धांतिक आकडा सुमारे १.१ व्होल्ट येतो. या पदार्थांतून हवेच्या बाजूने इलेक्ट्रॉन-छिद्रांची (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांची, ज्या धनभारासारख्या वाहतात) थोडी गळती होतेच, म्हणून १.० ते १.०५ मिळाले तर थर दाट आहे असे समजून पुढे जा. ०.९ च्या खाली आले तर आधी सीलची गळती तपासा आणि घट तोडून इलेक्ट्रोलाइटचा छेद एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) पाहा. हवा थोडी दमट करून मोजल्यावर व्होल्टता वाढली, तर दोष थरातल्या भोकांचा नसून इलेक्ट्रॉन-छिद्रांच्या गळतीचा असण्याची शक्यता अधिक आहे.